लगडीचा कोपरा

आमच्या दुकानात लगड तयार झाली की तिचा एक कोपरा छाटतात. तुटलेल्या साखळ्या, जुन्या बांगड्या, कारागिरांच्या बैठकीखालची झाडलेली धूळ असं सगळं मुशीत वितळवून सोन्याची जी कांडी ओततात, ती लगड. छाटलेला कोपरा गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून गल्लीच्या टोकाच्या दुसऱ्या दुकानात जातो. तिथे त्याचा टंच काढतात, म्हणजे सोनं किती आणि खोट किती ते ठरतं. जो गाळतो त्यानं टंच काढायचा नाही, ही रीत. आणि कोपऱ्याचा जो टंच निघेल तोच अख्ख्या लगडीचा, ही दुसरी. कोलकात्याच्या सोनापट्टीत माझं लहानपण गेलं. इतर सगळ्या गोष्टींवरून तिथे भांडणं ऐकली, या दोन गोष्टींवरून कधी ऐकली नाहीत.

आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात. त्या बाजूची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. आप्पा, म्हणजे माझे वडील, सातवी झाल्यावर इथे त्यांच्या चुलत्याच्या भट्टीवर आले आणि पुढे त्यांनी स्वतःची भट्टी घातली. माझा जन्म बागबाजारचा. घरात मराठी, जिन्यावर बांगला, दुकानात हिंदी. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे ऐकून लोक कौतुक करतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच होता, की काही अडलं तर विचारायला घरात कुणी नव्हतं, आणि बाहेर विचारायचा मला संकोच वाटे. पदार्थविज्ञान घेतल्यावर पुढे काय करतात, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत नीट माहीत नव्हतं. करत गेले, आणि दक्षिण कोलकात्यातल्या एका संस्थेत पीएच.डी.ला लागले.

तिथल्या आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला भट्टीवर नेलं. भट्टीचं दार उघडलं तेव्हा बरोबरची मुलं दोन पावलं मागे सरली. मी उभी राहिले.

"तुला भीती नाही वाटत?" मॅडमनी विचारलं.

"घरी आहे," मी म्हणाले.

"घरी? भट्टी?"

मी मान हलवली. त्या दिवसापासून स्फटिक वाढवायचं काम माझ्याकडे आलं.

काम असं. समेरियम आणि बोरॉन या दोन मूलद्रव्यांचं एक संयुग आहे. त्याचे स्फटिक वाढवायला आम्ही वितळलेलं ॲल्युमिनियम वापरतो. खडीसाखर जशी पाकात वाढते, तशी ही दोन मूलद्रव्यं ॲल्युमिनियमच्या पाकात विरघळवायची आणि भट्टी अगदी सावकाश थंड करत न्यायची. स्फटिक पाकात वाढत जातात. शेवटी घट्ट झालेलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यानं खाऊन टाकायचं आणि तळाशी राहिलेले काळे चकचकीत खडे चिमट्यानं वेचायचे. मोठ्यात मोठा खडा तांदळाच्या कणीएवढा.

आप्पांना यातलं फक्त थंड करणं खटकलं. "आठवडा?" ते म्हणाले. "गार व्हायला आठवडा? आमची लगड पाण्यात सोडली की चर्र, झालं."

"घाई केली तर खडे वाढत नाहीत, आप्पा."

"मग तुमची भट्टी चालते की झोपते?"

हा विनोद ते पुढे पाहुण्यांनाही सांगत. पोरीची भट्टी झोपलीय.

या खड्यांचं काय करायचं, हे थोडक्यात सांगायला मला अजून जमत नाही, तरी प्रयत्न करते. धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात. चुंबकाखाली ते गोल फिरू लागतात. चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत नेला, की त्या धातूचं स्वतःचं चुंबकत्व एका ठरावीक लयीत वर-खाली होतं. पडद्यावर लाटा दिसतात. प्रत्येक धातूच्या लाटांची लय वेगळी असते, आणि त्यावरून धातू ओळखता येतो. ज्यातून वीज जात नाही अशा पदार्थात मोकळे इलेक्ट्रॉनच नसतात, म्हणून तिथे लाटा नसायला हव्यात. पुस्तकात असंच आहे. मीही परीक्षेत असंच लिहून गुण मिळवले.

पण काही विचित्र पदार्थ निघाले आहेत. खूप थंड केले की त्यांच्यातून वीज जाईनाशी होते, आणि तरीही मोठ्या चुंबकाखाली काही जणांना त्यांच्यात धातूसारख्या लाटा दिसल्या आहेत. काही जणांना दिसल्या नाहीत. आत काहीतरी नवीनच आहे, जे वीज वाहत नाही पण धातूसारखं वागतं, असं एका बाजूचं म्हणणं. खड्यातच काही अशुद्ध राहिलं असेल, असं दुसऱ्या बाजूचं. हे भांडण मिटलेलं नाही. आमचा खडा या भांडणातला.

मी वाढवलेले बरेच खडे आमच्या प्रयोगशाळेतल्या चुंबकाखाली गेले. पडद्यावर सरळ रेघ यायची. माझ्याबरोबर एक वरिष्ठ विद्यार्थी काम करायचा, त्याला मी दादा म्हणते. तो मेदिनीपूरचा. मी मराठी आहे हे कळल्यापासून तो मला 'बर्गी' म्हणतो. बंगालवर चालून आलेल्या मराठी घोडेस्वारांना इथले लोक बर्गी म्हणत. आमच्या बागबाजारातूनच त्यांना अडवायचा खंदक सुरू होई. त्यामुळे, तुम्ही शेवटी खंदकाच्या आतच येऊन राहिलात, असं त्याचं म्हणणं. तो स्वतःचे खडे वेगळ्या पद्धतीनं, ॲल्युमिनियमशिवाय, करत असे. त्याचीही रेघ सरळच यायची.

मग एका दुपारी लाटा दिसल्या.

खडा एका बारीक पट्टीच्या टोकाला चिकटवून, द्रवरूप हेलियमनं थंड करून चुंबकात सोडला होता. जोर वाढत गेला तशी रेघ थरथरल्यासारखी झाली. मला वाटलं वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवतंय. पुढे ती थरथर मोठी झाली, सारखी झाली, वर, खाली, वर.

दादा खुर्चीतून उठला. "बर्गी, हे काय केलंस?"

"मी काही नाही केलं."

"मॅडमना बोलाव. नको, मीच बोलावतो. तू कशाला हात लावू नकोस."

मॅडम आल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता उतरताना बघू." चुंबकाचा जोर कमी करत आणला, तर त्याच लाटा उलट क्रमानं आल्या. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून 'ठीक आहे' मिळायला दादाला पहिलं वर्ष पुरलं नव्हतं, असं त्यानंच मला नंतर सांगितलं.

परदेशात एका प्रयोगशाळेत आमच्यापेक्षा कितीतरी जोरकस चुंबक आहे. तिथे आमच्या गटाला थोड्या दिवसांची वेळ मिळाली होती, आणि जाणार होता एकच विद्यार्थी. ज्याच्या खड्यात काही दिसेल तो. नाव दुर्गापूजेच्या सुट्टीआधी कळवायचं होतं. आता ते माझं असणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी धरलं. दादानंही धरलं. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला पासपोर्टचं विचारलं. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. आमच्या घरात कुणाकडेच नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा आईनं आधी विचारलं, "तिकडे थंडी असती का?" आणि दुसरं, "बरोबर कोण?"

"कोणी नाही. एकटीच."

आप्पा म्हणाले, "एकटी म्हणजे? मी आलो तेव्हा कोण होतं बरोबर? एक वळकटी होती." आणि जेवून उठता उठता, "नक्की काय सापडलंय म्हणालीस?"

"लाटा."

"कशातल्या?"

"खड्यातल्या. ज्यात नसायला पाहिजेत अशा."

"बरं." त्यांनी हात धुतले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या सोनापट्टीला कळलं होतं. माल घेऊन आलेल्या प्रत्येक कारागिराला आप्पांनी सांगितलं. टंचाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या बंगाली काकांनी माझ्यासाठी संदेश, म्हणजे इथली छेन्याची मिठाई, पाठवला. मी दुकानात गेले तर बाकावरून उठून मला जागा देण्यात आली, आणि कुणीतरी विचारलं, "मग त्या लाटांनी बत्ती लागेल का?" मी नाही म्हणाले. "लागेल, लागेल," आप्पा म्हणाले, "तिला सांगता येत नाही अजून."

प्रश्न निघाला तो संस्थेच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. दादा आणि मी मातीच्या भांड्यातून चहा पीत होतो. तो सहज म्हणाला, "खडा आतून बघितलास ना?"

"बघितला. कोपरा छाटून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातला होता. ॲल्युमिनियमचा मागमूस नाही."

"कोपरा?"

"हो."

"आणि मधलं?"

"कोपऱ्यात नाही म्हणजे मध्येही नाही ना."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तो हसला, मग थांबला. "हे तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. पाढे यायच्या आधीपासून मला ते माहीत होतं.

तिथे उभ्या उभ्याच माझ्या लक्षात यायला लागलं. मुशीतलं सोनं गळाईवाले चांगलं ढवळतात. पूर्ण पातळ झालेलं, ढवळलेलं सोनं ओतलं की ते सगळीकडे सारखं असतं, म्हणून कोपरा सगळ्या लगडीच्या वतीनं बोलू शकतो. पण आमचा पाक आम्ही ढवळत नाही. ढवळला तर खडे वाढतच नाहीत. खडा स्वतःच थर चढवत, आपल्या तालानं मोठा होतो, आणि होता होता दोन थरांमध्ये थोडा पाक कोंडला जाऊ शकतो. खडीसाखर फोडली की कधी आत ओलं निघतं, तसं. वरून सोड्यानं कितीही धुतलं तरी तिथे सोडा पोचत नाही. कोपरा मात्र स्वच्छ असतो.

हे मी वाचलेलं होतं. अशा कोंडलेल्या ॲल्युमिनियमनं लोकांना फसवल्याचे लेख माझ्या टेबलावरच होते, काही ओळींखाली मीच पेन्सिलनं रेघा मारल्या होत्या. वाचताना मला वाटलं होतं, बरं झालं आपण कोपरा बघितला.

वर जाऊन मी आमच्या लाटांची लय ॲल्युमिनियमच्या माहीत असलेल्या लयींशी ताडून पाहिली. एकीच्या अगदी जवळ होती. तीच, असं नाही म्हणता येणार. पण वेगळी म्हणायला लागतो तेवढा धीर माझ्याजवळ नव्हता.

मॅडमना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी आकडे बघितले.

"जवळ आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांना या पदार्थात लाटा दिसल्या त्यांच्यातल्या काहींच्या लयीही ॲल्युमिनियमच्या जवळच आहेत. तो वादच आहे. जवळ असणं म्हणजे तेच असणं नाही."

"न कापता कळायचा काही मार्ग?"

"दोन आहेत. ॲल्युमिनियम फार खाली, आपल्या यंत्राच्या आवाक्याच्या थोडं खाली थंड केलं, की त्याच्यात विजेला विरोध उरत नाही. तो बदल लगेच पकडता येतो. आपलं यंत्र तिथवर पोचत नाही. दुसरं, क्ष-किरणांनी आतून चित्र घ्यायचं. ते यंत्र दुसऱ्या शहरात आहे, आणि पूजेआधी आपला नंबर लागणार नाही."

"आणि कापला तर?"

"तर कळेल," त्या म्हणाल्या. "पण कापताना खड्याला धक्का बसतो. तो शुद्ध असला तरी नंतर याच लाटा देईल याची खात्री मी देणार नाही. आणि असा एकच आहे." मग म्हणाल्या, "न कापताही नेता येईल. तिथे मोठ्या चुंबकाखाली आणखी काही दिसेल, त्यावरून ठरवू. तेही चुकीचं नाही. खडा तू वाढवलायस, तू सांग."

मला वाटलं होतं त्या सांगतील. आमच्या घरी असले निर्णय विचारून होत नाहीत, मोठे सांगतात. मी म्हणाले, "उद्या सांगते," आणि मेट्रोत बसले.

घरी आई पोळ्या लाटत होती. दुसऱ्या दिवशी सण होता आणि पुरण शिजून झाकून ठेवलेलं होतं. आप्पा नुकतेच दुकानातून आले होते. मी त्यांना विचारलं ते सल्ला हवा म्हणून नव्हे. मला ते सगळं एकदा मराठीत बोलून बघायचं होतं.

"खडा कापावा लागेल असं वाटतंय," मी म्हणाले.

"कशाला?"

"आत काही राहिलंय का बघायला."

"कोपरा काढलास म्हणालीस की मागं."

"काढला."

"स्वच्छ निघाला?"

"निघाला."

"मग झालं की! टंच झाला. आता आणि काय कापतीस? एकदा टंच झालेला माल कुणी फोडतं का?"

"आप्पा, आम्ही ते ढवळत नाही. ढवळलेलं नसलं तर कोपऱ्याचं सगळ्याला लागू होत नाही."

"ढवळत नाही?" त्यांना खरंच नवल वाटलं. आठवडाभर भट्टी थंड करण्यापेक्षाही जास्त. "मग ती कसली गळाई?"

"अहो, ती गळाई नाहीचे," आई लाटणं न थांबवता म्हणाली. "कड खाऊन पोळीत काय भरलंय ते कळतं का? तुम्ही तर कड टाकूनच देता."

"मी पोळीचं बोलत नाही."

"मीही नाही बोलत. मी आपली लाटतेय."

आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बघ, कापलास आणि आत खोट निघाली, तर?"

"तर जायचं नाही."

"आणि नाही कापलास तर?"

"तर जायचं."

"कुणी कापायला सांगितलंय? तुझ्या मॅडमनी?"

"नाही."

"गिऱ्हाइकानं?"

"आमच्याकडे गिऱ्हाईक नसतं, आप्पा."

"मग कुणासाठी कापतीस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना समजून घ्यायचं होतं.

मी धीट नाही. कापायचं ठरवलं ते खरेपणाच्या ओढीनं, असं म्हटलं तर ते मला शोभणार नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की त्या दूरच्या प्रयोगशाळेत कुणीतरी चहा पिता पिता सहज विचारेल, आतून बघितलंस ना? आणि मला पुन्हा 'कोपरा' म्हणावं लागेल. तिथे माझ्याबरोबर कुणी नसेल.

सकाळी मॅडमना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तारेच्या करवतीची किल्ली काढून दिली. मी खाली जाऊन दादाला म्हणाले, "तू कापशील का?"

"मी? नाही."

"का?"

"तू नाही गेलीस तर कोण जाणार, माहीत आहे ना? मी. उद्या लोक म्हणतील, यानंच बर्गीचा खडा मोडला." तो हसत होता, पण हात खिशातून काढला नाही त्यानं.

"बरं, मी कापते. मायक्रोस्कोपमधून बघशील तू."

"तेही मीच कशाला?"

"जो गाळतो त्यानं टंच काढायचा नाही."

"हे काय आता?"

"आमच्यात असतं."

त्यानं जरा विचार केला. "हे मात्र बरोबर आहे तुमच्यात," तो म्हणाला. "बघतो."

तारेची करवत म्हणजे हिऱ्याची भुकटी बसवलेली एक बारीक तार. ती तेलातून येते आणि खड्यावरून मागे-पुढे जाते. इतकी सावकाश, की कापतेय हे बघून कळत नाही, आवाजावरून कळतं. मी स्टुलावर बसून होते. दुपार तशीच गेली. खिडकीबाहेर पूजेच्या मांडवासाठी बांबू उतरवत होते, आणि बांबू जमिनीवर पडला की मला करवत थांबवावीशी वाटायची. खड्याचे दोन भाग झाले तेव्हा वेगळं काही झालं नाही. तार नुसती हलकी फिरू लागली.

दोन्ही अर्ध्यांच्या कापलेल्या बाजू घासून, पुसून मी दादाच्या हातात दिल्या आणि दाराजवळ जाऊन उभी राहिले. त्यानं पहिला अर्धा मायक्रोस्कोपखाली ठेवला, बराच वेळ फिरवून बघितला आणि म्हणाला, "काही नाही." मग दुसरा ठेवला. या वेळी त्यानं फिरवला नाही. तो उठला, स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"तूच सांग," मी म्हणाले.

"सांगायचं काही नाही. ये, बघ."

काळ्या दगडात एक पांढरी रेघ होती. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाची कड असावी तशी बारीक, आणि खड्याच्या बाजूला अगदी समांतर, जणू मोजून ठेवलेली. ती खड्याच्या कडेपर्यंत कुठेच पोचली नव्हती; दुसऱ्या अर्ध्याकडचं तिचं टोक तारेनं काढलेल्या भुकटीतच गेलं असावं. एक चांगलं होतं, ती सुंदर दिसत होती. मी हे दादाला बोलले नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही दोन्ही अर्धे पुन्हा चुंबकात घातले. रेघ असलेल्या अर्ध्यानं लाटा दिल्या, त्याच लयीत. स्वच्छ अर्ध्यानं सरळ रेघ दिली. मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी मला समजावलं नाही, दोषही दिला नाही. "आता आपल्याला या खड्याचं माहीत आहे," एवढंच म्हणाल्या आणि दादाचं नाव कळवलं.

दादा दोन दिवस माझ्याशी जरा जपून बोलला. मग एकदा येऊन म्हणाला, "तुझा स्वच्छ अर्धा मी नेऊ? माझ्या खड्यांबरोबर?"

"त्यात काही दिसत नाही."

"आपल्या चुंबकाखाली दिसत नाही. तिथलं कोण सांगणार? आणि आतून बघितलेला एवढाच एक आहे आपल्याकडे. माझे तरी मी कुठे कापलेत?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी घरून गुलाबी कागद आणला आणि अर्धा खडा आमच्या पद्धतीनं पुडीत बांधून, डबीत घालून दिला. डबीवर आधी मी 'स्वच्छ' असं लिहिलेलं होतं. ते पुसून 'आतून पाहिलेला' लिहिलं.

आप्पांना सांगायचं राहिलं होतं. जेवताना सांगितलं. "खोट निघाली. दादा जाणार."

"किती?"

"रेघभर."

"रेघभर खोट आम्ही तशीच विकतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "स्वेटर विणून झालाय तुझ्या आईचा."

"असू दे," आई म्हणाली. "इथं पण थंडी पडती. पुढच्या पौषात घालील."

मला काळजी होती ती सोनापट्टीची. इतक्या लोकांना सांगून झालं होतं. दोन दिवस मी दुकानाकडे गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी आप्पांचा डबा द्यायला गेले, तर आत मोठ्या आवाजात बोलणं चाललं होतं. मी दारातच थांबले. आप्पांनी सगळं सांगून टाकलं होतं, आणि त्यांना कळलं होतं तेवढं नेमकं सांगितलं होतं. पोरगी कोपऱ्यावर विसंबली, आणि खोट आत होती.

"कोपऱ्यावर नाही विसंबायचं तर कशावर विसंबायचं?" एक कारागीर म्हणत होता. "उद्या गिऱ्हाईक म्हणेल, लगड मधून कापा!"

"ती ढवळत नाही म्हणे."

"ढवळत नाही? मग बरोबर आहे. नाही ढवळलं तर आम्हीही फसू."

"तू दोन वेळा फसलायस. ढवळून."

टंचाच्या दुकानातले म्हातारे काका आले होते. ते सगळ्यांत जास्त दुखावलेले दिसले. त्यांनी आयुष्यभर कोपरेच तपासले होते. मला पाहून ते बांगलातून म्हणाले, "मा," मुलीला इथे असंच म्हणतात, "तू तुझ्या दगडावरून सोन्याबद्दल बोलू नकोस हं."

"नाही बोलणार, काका," मी म्हणाले. "सोन्याचं बरोबरच आहे."

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "सोन्याचं बरोबर आहे, असं शिकलेली मुलगी सांगतेय." आणि वाद पुन्हा सुरू झाला. माझ्या न जाण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. डबा ठेवून मी निघाले.

दादा परत आला तेव्हा पूजा होऊन गेली होती. त्याचे स्वतःचे खडे तिथेही सरळच राहिले. माझा अर्धाही जवळजवळ शेवटपर्यंत सरळ. अगदी टोकाला, जिथे त्या चुंबकाचा जोर संपतो तिथे, रेघ किंचित वाकलेली होती. लाट म्हणावी तर एकसुद्धा पुरी नव्हती. ती सुरुवात होती की यंत्राचा दोष, हे त्यावरून सांगता येत नाही. मॅडमनी ते चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "पुन्हा वाढव. जास्त वाढव. आणि अर्धे कापायचे, असं धरूनच वाढव."

सध्या तेच चाललंय. मागच्या आठवड्यात मुशीत नवा माल भरला. भट्टी चढली, टिकली, आणि आता उतरतेय, दर तासाला थोडी थोडी. तिच्याजवळ बसून करण्यासारखं काही नसतं, तरी मी दिवसातून एकदा जाऊन बघते. घरी पोचले की आप्पा बूट काढायच्या आत विचारतात,

"निघाले का खडे?"

"नाही. थंड होतीय."

"अजून?"

"अजून."

"झोपू दे मग," ते म्हणतात, आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.